वरची शिट्टी

समोरचा बोलायला लागला की भगीरथ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. लोक म्हणायचे, माणूस किती मन लावून ऐकतो. मन कसलं लावतोय, तो ओठ वाचत होता. हे माझ्यासारख्या जुन्या दोस्तालाही उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं ते त्याहून वाईट.

आमची बँजो पार्टी होती. मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत असं गाव नसेल जिथे आम्ही हळदीला वाजवलं नाही. गिटार माझी, बँजो भगीरथचा, आणि साऊंडची सगळी वायरिंगही त्याचीच. बावीस वर्षं आम्ही स्पीकरांना पाठ लावून उभे राहिलो. मग डीजे आले आणि पार्टी मोडली. मी वाशिंदला एका कंपनीत लागलो. भगीरथने शहापुरात घराच्या पडवीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं टेबल टाकलं, आणि नेमकं तेव्हाच लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घ्यायचं सोडलं. वेळ साधावी तर अशी.

रिकामा बसेल तर तो भगीरथ कसला. जुन्या रेडिओंमधले ट्रान्झिस्टर काढून तो फझ पेडल बनवायला लागला. फझ पेडल म्हणजे पायाखाली ठेवायची पत्र्याची डबी. गिटारची वायर तिच्यातून नेली की सरळ सूर फाटून घोगरा होतो. भगीरथने तिला एक जादा बटण लावलं. ते मागे फिरवलं की डबीला करंट कमी मिळायचा आणि तार न छेडताच ती आपली आपण बोलायला लागायची. गुरगुरायची, हुंकार द्यायची, वर चढायची, पुन्हा खाली यायची. मी दर रविवारी गिटार घेऊन जायचो. मी वाजवायचो आणि तो स्पीकरच्या पडद्यावर तळहात ठेवून बटण फिरवायचा. हातानेच ऐकायचा म्हणा ना.

पहिल्याच पेडलमध्ये खोट होती. खालच्या गुरगुरीच्या वर एक बारीक शिट्टी सारखी वाजत होती, कानात सुईसारखी शिरणारी. मी भगीरथकडे बघितलं. तो हसत होता. "कसा साफ बोलतोय बघ," म्हणाला. तो 'साफ' शब्द ऐकला आणि मला कळलं. शिट्टी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

सांगायला हवं होतं. पण पार्टी मोडल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. त्याआधीच मुंबईच्या दिपेश नावाच्या गिटारवाल्याने ते पेडल नेलं. चित्रविचित्र आवाजांचे कार्यक्रम करणारा माणूस तो, आणि त्याला नेमकी ती शिट्टीच आवडली. फोनवरचा कारभार माझ्याकडे होता. त्याचा मेसेज आला: वरचा आवाज जबरदस्त, आणखी पाच द्या. भगीरथला वाचून दाखवताना 'वरचा आवाज' मी गाळला. झालं. खोटीचा माल झाला आणि मी गप्प बसलो, तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत नाशकात नर्सिंग शिकणाऱ्या त्याच्या मुलीचा, भाविकाचा, फोन आला की तो "आयशी बोल" म्हणून बायकोच्या हातात द्यायचा. मीनावहिनी म्हणायच्या, "बापाला लेकीशी बोलायला टाइम नाय." मी तिथेच चहा पीत बसलेला असायचो. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

शेवटी दिपेश स्वतःच शहापूरला आला. पेडल चालू करून म्हणाला, "काका, ही वरची शिट्टी तुम्ही कशी काढता? बाकी कुणालाच जमत नाही."

"कंची शिट्टी?" भगीरथने विचारलं.

दिपेशला वाटलं, कारागीर आपलं गुपित सांगत नाहीये. तो हसला. भगीरथ मात्र माझ्याकडे बघत होता.

दिपेश गेल्यावर त्याने मला विचारलं, "तुला येते ऐकू?"

"येते."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

तो बराच वेळ टेबलावरचे स्क्रू गोळा करत राहिला. मग म्हणाला, "माजे कान गेले ते तूच सांगायला पायजे होतंस रे. दुसरा कोण हाय मला?"

"तू खूश होतास," मी म्हणालो. किती फुसकं उत्तर.

मीनावहिनींनी त्याला कल्याणला डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. मशीन लावलं तर बोलणं कळेल, पण इतका बारीक आवाज नाही. मग कागदावरची रेघ दाखवत म्हणाले, मोठ्या आवाजापासून लांब राहिले असते तर उरलेलं टिकलं असतं. लांब कुठला. दर रविवारी मीच त्याला त्या किंचाळणाऱ्या स्पीकरसमोर बसवत होतो. परतीच्या गाडीत मीनावहिनी माझ्यापासून लांब जाऊन बसल्या. बरोबरच होतं त्यांचं.

दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार. मग त्याचाच फोन आला. माझं ऐकायला तो थांबलाच नाही. "दिपेशला सहा पायजेत, शिट्टीसकट. मला दुसरं काय येतं? ऐकायचं काम तुजं. ये."

गेलो. भगीरथ कानात कापसाचे बोळे घालून बसला होता. जो आवाज त्याला कधीच ऐकू येणार नव्हता तो आता तो मुद्दाम घडवत होता. त्याने बटण फिरवलं, तळहात स्पीकरवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "हाय?"

गुरगुर होती, हुंकार होता. वर काही नव्हतं. "नाय," मी म्हणालो. त्याने ट्रान्झिस्टर बदलला. "हाय?" पुन्हा नाही. दुसरा बदलला, तिसरा बदलला. ऊन पडवीतून उतरून गेलं. चौथ्या वेळी तो थकून म्हणाला, "असं कसं? आदी तर न मागता यायची."

दिपेश आला त्या दिवशीही 'येते' मी सवयीनेच म्हटलं होतं; शिट्टी शेवटची कधी ऐकली ते आठवेना. त्याच पार्टीत मीही बावीस वर्षं उभा होतो. त्याच स्पीकरसमोर मीही तीन वर्षांचे रविवार काढले होते. 'हाय' म्हणून मोकळं व्हावं असं मनात आलं. पण गप्प राहून काय होतं ते बघून झालं होतं.

"भगीरथ," मी म्हणालो, "मलाच ऐकू येत नसंल रे."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, आणि तेच मला सोसवेना. मग आत वळून त्याने हाक मारली, "मीना, जरा ये गो."

मीनावहिनी हात पुसत दारात आल्या. भगीरथने बटण मागे फिरवलं. त्यांनी एकदम डोळे मिटले आणि दोन्ही कान गच्च दाबून धरले.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या.

भगीरथ त्यांच्याकडे बघत होता, मीही बघत होतो. आम्हा दोघांना फक्त गुरगुर ऐकू येत होती.

"हाय म्हंजे," तो म्हणाला, आणि डबीचं झाकण लावायला स्क्रू शोधू लागला.