निळा डाग आणि शेजारचे काका

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या शेजारच्या काकांइतका माणसाला छळणारा सज्जन दुसरा झाला नाही. मेंदूच्या आतल्या भागांचे आकार संगणकावर मांडून तपासणं ही त्यांची जन्माची नोकरी. निवृत्त होऊन घरी आले, पण खोड गेली नाही. "यंदा कापूस हलका आहे," असं कोणी म्हटलं की यांचा प्रश्न तयार, "कोणाच्या तुलनेत?" घाटंजीच्या बाजारात वांगी घेताना आधी सगळ्यांचे देठ एका दिशेला करायचे, त्याशिवाय आकार ताडून पाहता येत नाहीत म्हणे. भाजीवाली एकदा वैतागली, "काकाजी, भाजी करता का वांग्यायची कवायत घेऊन राह्यले?" काकांनी शांतपणे उरलेलं वांगं वळवलं.

कापसाने जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं त्या वर्षांत मी पत्रकं लिहायचो. झोपलेल्या सरकारच्या तोंडावर फेकायला मला पुरावा हवा होता. काकांच्या टेबलावर मेंदूतल्या आठवणींच्या भागाचं चित्र सापडलं. सतत चिंतेत असलेल्यांचा तो भाग जिथे इतरांपेक्षा आत गेलेला, तिथे निळा डाग. मी न विचारता छापून टाकलं : चिंतेने कास्तकाराचा मेंदू खचला.

सरकार हललं नाही. हललं ते माझ्या कास्तकार मावसभावाचं ठरलेलं लग्न. मुलीचे वडील वणीला खाणीत कारकून. पत्रक वाचून त्यांनी निरोप धाडला, "खचलेल्या डोक्याच्या घरात पोरगी देत नाही."

काका रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "चित्र बरोबर आहे, तू वाचलं चूक. हा दोन गटांच्या सरासरीतला फरक आहे. कोण्या एकाच्या डोक्यात खड्डा नाही पडला. यात एकही कास्तकार नाही, सारे शहरातले. अन् फरक काहून पडला, हे चित्र सांगत नाही."

"मग सांगते तरी काय?"

"थोडंसं."

"काका, इथं लोकं मरून राह्यले अन् तुम्ही थोडंसं म्हणता?"

"ते खरं आहे ना? मग त्याले माह्या चित्राचा टेकू कायले पायजे?"

दुसऱ्या दिवशी काकांनी मला घेऊन वणीची एसटी धरली. मुलीच्या वडिलांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "चित्रानं मोडलं, आता चित्रानंच जुळवता काय?"

"नाही," काका म्हणाले. "चित्र ठेवा बाजूले. पोरगा पाहा."

त्यांनी पाहिला. लग्न झालं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पत्रकं मी अजून लिहितो, तेवढ्याच रागाने. छापायला देण्याआधी पुराव्यापेक्षा जास्त बोलणारं एक वाक्य खोडतो. कोणतं खोडायचं हे सांगायला मात्र शेजारी कोणी नाही; दोनदा तर मी खरं असलेलंच वाक्य खोडून बसलोय.