पाय बघणाऱ्या सिस्टर

सिस्टर घरात शिरल्या की आधी पोटुशी बाईचे पाय बघायच्या. चहापाणी, विचारपूस सगळं नंतर. बाईला उंबऱ्यावर बसवायचं, लुगडं घोट्यावर सरकवायचं, नडगीवर अंगठा दाबून पाच आकडे मोजायचे. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला की सूज आहे, बीपी चढलंय, हे ओळखून त्यांचा चेहरा बदलायचा. "तोंडाचं काय घेऊन बसलीस? कुणालाबी विचार, बरंच हाय म्हणती," त्या मला सांगायच्या. "पायाला खोटं बोलता येत न्हाई."

मी गावची आशा सेविका. सिस्टर वसमतहून एसटीनं शिरड शहापूरला यायच्या आणि मिळेल त्या गाडीनं आमच्या उपकेंद्रात. बाई रागीट. सुनेला उपाशी राबवणाऱ्या सासवांना चारचौघांत झापायच्या, मला तर रोजच. तरी तांड्यावरच्या बाया त्यांची रजा असली की सुई घ्यायला यायच्याच नाहीत.

मग सुधारणा आली. वह्या गेल्या, मोबाइल आला. सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. एका फोनवर गाडी दारात येते. बैलगाडीत बाळंत झालेल्या बाया मी डोळ्यांनी पाहिल्यात. पण प्रत्येक भेटीची नोंद बाईच्या फोटोसकट त्याच जागी, त्याच दिवशी व्हायला पाहिजे, असा हुकूम निघाला. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. नोंदी राहिल्या की तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर नाव लाल दिसायचं आणि पंचविशीतला साहेब पन्नाशीच्या बाईला उभं करायचा. दोनदा उभं राहिल्यावर सिस्टर म्हणाल्या, "बायांना टाकीवर बोलव. आधी फोटो काढू, मंग घरी जाऊन तपासू."

तसं काही महिने निभलंही. एके दिवशी टाकीपाशी अकरा बाया जमल्या होत्या. कविता आठव्या महिन्यातली. फोन माझ्या हातात होता. फोटो कमरेपर्यंतच घ्यायचा असतो. बीपीचा आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं आणि मशीन उपकेंद्रात राहिलेलं. "मागच्या महिन्याचाच टाक," सिस्टर म्हणाल्या. "दुपारी जाऊन बघतेच." मी टाकला. मग ॲप अडकलं, सगळ्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या आणि सिस्टरांच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली. जाता जाता त्यांनी विचारलं, "कविता, बरं हाय ना?"

"व्हय, बरं हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीपी चढून तिला झटके आले. गाडी वेळेवर आली, हिंगोलीला पोचलीही. बाळ वाचलं, कविता गेली. तिला गाडीत घालताना मी तिचे पाय पाहिले. जोडवी मांसात रुतली होती.

चौकशीत सिस्टरांनी सरळ सांगितलं की बीपी बघितलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "बाई, नोंद पूर्ण आहे, आकडा नॉर्मल आहे. कशाला लचांड मागं लावून घेता?" फाईल बंद झाली. त्यानंतर सिस्टर कुणाला झापेनात. मलाही नाही. त्यांची बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं. वर्ष भरायच्या आत त्यांनी नोकरी सोडली.

शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "चल, कविताच्या घरी." तिची सासू नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टर खाली भुईवर बसल्या. "मावशी, त्या दिवशी म्या तिला तपासलंच न्हाई. खोटा आकडा टाकला."

म्हातारीनं लेकराच्या डोक्यावरचं टोपरं सारखं केलं. "आमी म्हणलं, देवानं नेलं," ती म्हणाली. मग विचारलं, "तपासलं असतं तर वाचली असती?"

"वाचली असती," सिस्टर म्हणाल्या.

मला त्यांचा संताप आला. रस्त्याला लागल्यावर मी बोललेच, "काहून सांगितलं? त्या म्हातारीचं काय भलं केलं तुमी?" त्यांनी शिरड शहापूरकडं जाणाऱ्या गाडीला हात केला. गाडी थांबली, त्या चढल्या, आणि पुन्हा इकडं फिरकल्या नाहीत.

आकडा दाबणारं बोट माझं होतं. सिस्टरांनी म्हातारीपुढं माझं नाव घेतलं नाही आणि शेजारी बसून मीही घेतलं नाही. आता ते लेकरू चालायला लागलंय. म्हातारी त्याला लसीला घेऊन येते, सिस्टरांना मनसोक्त शिव्या देते आणि म्हणते, "आशाताई, तुमी तेवढ्या चांगल्या." मी खाली मान घालून कार्ड भरते.