वस्तादांचे हात

आकाराम वस्तादांच्या तालमीत सकाळी पोरगं पाया पडलं की वस्ताद त्याच्या पाठीवर एक थाप देत. थाप कसली, बारक्या अंगाचं पोरगं दोन पावलं पुढं जायचं. पण ती मिळाल्याशिवाय कुणी कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरत नसे, की मैदानाला निघत नसे. चाळीस वर्षं हाच रिवाज.

वस्तादांचं वय आता सहासष्ट. गुडघे गेलेले, साखरेची गोळी चालू, बायको वारल्यापासून मुक्काम तालमीतच. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या या तालमीत एकेकाळी साठ पोरं होती, आता नऊ. बाकीची आरशासमोर दंड बघायला जिमला जातात. वस्ताद त्यावर काही बोलत नसत. बोलून दमले होते. त्यांचा जीव राहिला होता एकट्या आदर्शवर. गारगोटीकडचा गडी, वय चोवीस, अंगात रग आणि डोकं थंड. यंदा जिल्ह्याच्या निवड चाचणीतून तो पुढं गेला नाही, तर बाप त्याला गावातल्या दूध संस्थेत चिकटवणार, हे ठरलेलं होतं.

त्यात पावसाळ्यात नायट्यानं तालीम धरली. आधी एकाच्या मानेवर रुपयाएवढा लाल गोल, कडेला पुरळ आणि मधे कोरडा. मग दुसऱ्याच्या जांघेत. तिसऱ्याच्या तर डोक्यातच, तिथले केस गळून टक्कल पडलेलं. ओले लंगोट आणि घामाचे टॉवेल खुंटीवर एकमेकांच्या अंगावर पडलेले असत, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. वस्तादांचं औषध ठरलेलं होतं. हौद्यातली माती काय साधी माती होती? हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालून त्यांनी ती मुरवलेली. ज्याला नायटा त्याला ते मातीत जास्त लोळवत आणि वर स्वतःच्या हातानं तेल रगडत. पोरांनी गुपचूप मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती नऊ जणांत फिरली. आठवड्यात खाज गेली, डाग विझले, आणि पंधरवड्यात दुप्पट होऊन परत आले. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी गत झाली.

चाचणीच्या दिवशी आदर्श वजनाला उभा राहिला आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी पाठीवरचे चट्टे बघून त्याला बाजूला काढलं. अंगाला अंग लागणारा खेळ, असल्या अंगानं उतरता येत नाही म्हणाले. हुकलेल्यांसाठी दुसरी फेरी दोन महिन्यांनी पेठ वडगावात होती, तेवढीच काय ती आशा. आदर्श परत आला आणि पिशवी ठेवून सरळ जोर मारायला लागला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर वस्तादांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्ताद त्याला घेऊन दीप्ती नावाच्या त्वचेच्या डॉक्टरकडं गेले आणि बसल्या बसल्या मातीचे गुण सांगायला लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की नायटा ही बुरशी आहे, ओल आणि घाम मिळाला की वाढते, टॉवेलातून, लंगोटातून, अंगातून अंगाला लागते. मातीनं ती जात नाही. त्या ट्यूबमध्ये खाज दाबणारं स्टेरॉइड होतं, त्यानं वरची आग विझली आणि बुरशीला रान मोकळं झालं. आता सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही. मग त्यांनी विचारलं, पोरांना मालिश कोण करतं?

"मी," वस्ताद म्हणाले. आवाजात थोडी ऐट होतीच.

"काका, हात दाखवा बघू."

हात पुढं यायला वेळ लागला. उजव्या तळव्यावर पांढुरके कोरडे पापुद्रे, मनगटावर अर्धा गोल. वर्षभर खाजत होतं. तेलामातीचा हात असाच असायचा, म्हणून त्यांनी सोडून दिलेलं. डॉक्टरांनी तो वळवून बघितला आणि हळूच सांगितलं, की पोरांच्या आधीपासून हे इथं आहे, आणि याच हातानं ते रोज नऊ पाठी रगडत आलेत.

बाहेरच्या बाकावर वस्ताद तळवा उलटून पालटून बघत बसले. आयुष्यभर ज्या हाताचा गर्व केला, तोच पोराच्या आड आला होता.

"म्या घालवली रं तुजी चाचणी," ते म्हणाले.

आदर्श औषधाची चिठ्ठी वाचत होता. "तुमास्नी तरी कुठं म्हाईत हुतं," एवढंच तो म्हणाला.

तालमीतल्या कुस्त्या बंद झाल्या. नुसते जोर आणि बैठका. ज्याचा त्याचा टॉवेल वेगळा, लंगोट उकळून उन्हात. पोरं लांबूनच नमस्कार करत आणि वस्ताद हात पाठीमागं बांधून खुर्चीत बसत. इतकं दमायला त्यांना कधी कुस्तीनंही झालं नव्हतं.

दोन महिन्यांत पोरांची अंगं निवळली. वस्तादांचा हात मात्र साखरेमुळं हटून बसला होता; अजून महिनाभर धीर धरा, असं डॉक्टर म्हणाल्या.

फेरीच्या सकाळी आदर्श पिशवी घेऊन आला. लांबूनच वाकला आणि मग सवयीनं पाठ करून उभा राहिला. थापेची वाट बघत होता. वस्तादांनी हात काखेत दाबून धरला.

"जा. यस्टी चुकंल."

आदर्श थोडा थांबला आणि निघाला. तो गल्लीत वळणार, एवढ्यात वस्ताद गुडघ्यावर हात टेकत उठले, दारात आले आणि त्यांनी स्वतःच्याच मांडीवर शड्डू ठोकला. वीस वर्षांत ठोकला नव्हता. गल्लीच्या टोकाला आदर्शची पाठ एकदम ताठ झाली. मग तो चालू लागला.