कपाटामागची भिंत

वाळवी शोधणाऱ्या त्या बाईला सगळे ठकठकताई म्हणायचे. पेचकसाच्या मुठीने ती दाराची चौकट खालून वर वाजवत जायची आणि आवाज कुठे पोकळ होतो ते अचूक सांगायची. अठरा वर्षांत तिच्या नजरेतून काही सुटलं नाही, असं लोक म्हणत. तिलाही ते पटायला लागलं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला तिच्या शाळेतल्या बाईंनी घर तपासायला बोलावलं. तिने मोरीची ओल पाहिली, खिडक्या पाहिल्या, जिन्याखाली पालथी पडून बॅटरी मारली. राहिलं ते मागच्या खोलीतलं लाकडी कपाट. भिंतीला चिकटलेलं, वह्यांनी गच्च भरलेलं. सरकवायचं तर आधी रिकामं करायला हवं, आणि दुपारी आणखी एक घर होतं. तिने बाजूच्या फटीतून नजर टाकली.

"निर्धास्त राहा, बाई. फक्त ओल येऊ देऊ नका."

आता बाईंचा फोन आला. ती पोचली, तेव्हा त्या कपाटाच्या मागच्या फळीचा हात लावताच भुगा होत होता. खालचे तीन कप्पे मातीने भरले होते. वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं शाबूत, आत नुसती माती.

त्या वह्या बाईंच्या यजमानांच्या. आजारपणात त्यांची वाचा गेली, त्यानंतरची अकरा वर्षं ते वहीत लिहून बोलायचे. बाई तोंडाने भांडायच्या, ते लिहून. ते गेल्यावर बाईंनी एकही वही टाकली नव्हती.

"माझंच चुकलं गं," बाई म्हणाल्या. "तू बजावून गेली होतीस. नळ महिनाभर गळत होता, मी आज-उद्या करत राहिले."

"आईंना मी कितीदा सांगितलं," दारात उभी असलेली सून म्हणाली.

ठकठकताई कपाट ओढल्यावर उघड्या पडलेल्या भिंतीकडे बघत होती. मातीच्या नळ्या बोटाएवढ्या जाड, एकीवर एक चढलेल्या, खालच्या पार वाळून गेलेल्या. हे चार-पाच वर्षांचं काम होतं. ती वह्यांकडे बघून 'निर्धास्त राहा' म्हणाली, तेव्हाही वाळवी तिथेच होती.

"होतं असं कधीकधी," ती कशीबशी म्हणाली. भिंतीच्या बुडाशी भोकं पाडून तिने औषध भरलं आणि बाईंनी पुढे केलेलं पाणी न पिताच निघाली.

पुढचे आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. दुसऱ्यांच्या घरी चौकट वाजवताना स्वतःच्या कानांवर भरवसा वाटेना. नवव्या दिवशी ती बाईंकडे गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी सून बोलत होती, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"कपाट जड होतं, कंटाळा आला, हे मी समजू शकते. पण मी स्वतःला बोल लावत होते आणि तू ते ऐकून निघून गेलीस."

बाईंनी सुनेला आतून बोलावून घेतलं. "हिलाही सांग. पुन्हा पहिल्यापासून."

तिने सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा ते कितीतरी जड गेलं. ऐकून सूनही ओशाळली आणि सासूजवळ जाऊन बसली.

त्यानंतर दर रविवारी ठकठकताई रंगाचा मऊ ब्रश घेऊन येऊ लागली. माती झाडायची, उरलेले तुकडे उन्हात पसरायचे. दीड वहीभर मजकूर हाती लागला. एका कपट्यावर लिहिलं होतं, 'तुझा चष्मा फ्रीजवर आहे, मला का विचारतेस.' बाई वाचून हसल्या आणि तोंड फिरवून बसल्या. ठकठकताईला तिथून पळून जावंसं वाटलं, पण ती पुढचा कपटा झाडत राहिली.

माफ केलं, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. वर्षाने त्यांनी तिलाच पुन्हा तपासणीला बोलावलं. नवं लोखंडी कपाट त्यांनी आधीच रिकामं करून भिंतीपासून हातभर ओढून ठेवलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या.

ती बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसली. बाईंनी खुर्ची ओढली आणि तपासणी संपेपर्यंत तिच्या हाताकडे बघत तिथेच बसून राहिल्या.