धावपट्टीवरची फुली

युसूफभाई गेल्याचं मला वरोऱ्याच्या बाजारात कळलं, तेही आठ दिवसांनी. पूर्वी आमच्या खात्यात मुकादम असलेला एक माणूस भेटला, सोयाबीनच्या भावाबद्दल बोलला आणि निघता निघता म्हणाला, "साहेब, पट्टीवरचा युसूफ गेला ना. तुमाले मालूम असनच." मला मालूम नव्हतं. छातीत दुखते म्हणून शिलाई मशीनवरून उठला, खाटेवर टेकला आणि गेला, इतकंच त्यालाही माहीत होतं. मी "हो का" म्हणालो आणि भाजीची पिशवी घेऊन घरी आलो. बायकोला सांगितलं तर तिने विचारलं, "कोण युसूफ?" तिचं काही चुकलं नाही. बारा-तेरा वर्षांत मी ते नाव घरात एकदाही काढलं नव्हतं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. युसूफभाईवर दुसरं कोणी काही लिहील असं वाटत नाही, आणि त्याच्याबद्दल जे लिहायला हवं ते मला एकट्यालाच ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

चंद्रपूरच्या बाहेर, मुरमाड माळावर एक विमानपट्टी होती. नव्वदच्या दशकात मी कनिष्ठ अभियंता म्हणून तिथे आलो तेव्हा ती माझ्याकडे असलेल्या कामांत होती. कागदोपत्री तिला विमानतळ म्हणत. प्रत्यक्षात काय होतं? डांबराची एक लांब पट्टी, तिच्या टोकाला विमान वळवायला थोडी रुंद जागा, टिनाच्या छपराच्या दोन खोल्या, पाण्याची एक टाकी आणि एका लोखंडी खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. दिवे नव्हते, इंधन नव्हतं, वैमानिकाशी बोलायला यंत्र नव्हतं. कुंपणाची तार तीनदा लावली आणि तीनदा गेली. जवळच्या गावाची गुरं पूर्वी त्याच माळावर चरत. पट्टी झाली हे माणसांना सांगता आलं, गुरांना कसं सांगणार? महिना महिना तिथे काही उतरत नसे. मग कधी कारखान्याच्या मालकाचं छोटं विमान येई, कधी गडचिरोलीकडे जाणारं हेलिकॉप्टर थांबे, आणि निवडणूक लागली की आठवड्यात चार-चार विमानं. दर निवडणुकीत इथे मोठा विमानतळ करण्याचं आश्वासन मिळे. ते ऐकायला आम्ही अधिकारी हारतुऱ्यांसकट हजर असायचो.

या सगळ्याचा चौकीदार युसूफभाई. रोजंदारीवरचा. त्याचं घराणं चंद्रपुरातलं, शिंप्याचं. वडील आणि भाऊ दुकान चालवत आणि हा थोरला मात्र पट्टीवर. मी एकदा विचारलं, "घरची मशीन सोडून इथी काऊन आला भाऊ?" तर म्हणाला, "साहेब, मशीनवर मान खाली घालून बसा लागते. इथी आभाळ तरी दिसते." उंच, किडकिडीत, दाढी नेहमी नीट राखलेली. डांबराच्या भेगांतून गवत उगवे ते खुरप्याने काढायचं, गुरं हाकलायची, विमान येणार असलं की चुन्याने पांढरे पट्टे ओढायचे, ही त्याची कामं. वाऱ्याची पिशवी वर्षभरात फाटे. नागपूरहून नवी यायला सहा महिने लागत, म्हणून त्याने स्वतःच भगव्या-पांढऱ्या कापडाची शिवली. गावातल्या बाया तिला वाऱ्याचा पायजमा म्हणत. ती नागपूरच्या पिशवीपेक्षा जास्त टिकली.

कारखान्याच्या विमानाचा एक म्हातारा वैमानिक होता. मालक गावात गेले की तो झाडाखाली खुर्ची टाकून बसे आणि युसूफभाईला एकेक गोष्ट शिकवी. पिशवी किती उचलली की वारा किती, विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर का उतरतं, सगळं. त्यानेच सांगितलं होतं की पट्टीवर मोठी पांढरी फुली दिसली तर जगातला कोणताही शहाणा वैमानिक तिथे उतरत नाही. फुली म्हणजे पट्टी बंद. युसूफभाईने ते मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मोठा ऐवज हाती लागल्याचा आनंद होता. मी हसलो होतो.

त्या साली पावसाळा लांबला. पट्टीच्या दूरच्या टोकाला, जिथे विमानाची चाकं पहिल्यांदा टेकतात, तिथे डांबराखालून पावसाचं पाणी काढणारी एक लहान मोरी जात होती. एका दुपारी युसूफभाई सायकल मारत माझ्या ऑफिसात आला. चपला चिखलाने भरलेल्या. "साहेब, पट्टी खचून राह्यली. तुम्ही आताच चला." मी गेलो. वरून डांबर जवळजवळ सपाट दिसत होतं, पण त्याने पहार मारली तशी ती हातभर आत गेली. खाली पोकळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्र्यांचं विमान यायचं होतं. पुढे गडचिरोलीला सभा.

मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाला कधी कधी बरोबर सुचतं. मी म्हणालो, "युसूफभाई, या खचलेल्या जागेच्या अलीकडे फुली मारा. मोठी. मी वर कळवतो, विमान नागपूरलेच थांबवू." त्याने विचारलं, "पक्कं ना साहेब?" मी म्हणालो, "पक्कं. मी सांगून राह्यलो ना."

तो चुना कालवायला गेला, मी आमच्या वरिष्ठ साहेबांच्या बंगल्यावर. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मोरीची दुरुस्ती झाल्याचा अहवाल उन्हाळ्यातच गेला आहे, आता खचली म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? मुरूम टाका, डांबर मारा, विमान उतरलं पाहिजे. मी म्हणालो, पावसात डांबर धरणार नाही. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा... त्या अहवालावर पहिली सही माझीच होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती. मी तिथून थेट घरी गेलो. मुरूम टाकला नाही, नागपूरला कळवलं नाही, आणि पट्टीवर जाऊन युसूफभाईला फुली पूस असंही सांगितलं नाही. कोणीतरी काहीतरी करेल अशी वाट पाहत बसलो.

सकाळी आम्ही सगळे टिनाच्या खोल्यांपाशी उभे होतो. हार, तबक, बंदोबस्ताचे पोलीस, पक्षाची माणसं. फुली दूरच्या टोकाला होती, तिथून कोणाला दिसत नव्हती. मला मात्र ती तिथे आहे हे माहीत होतं आणि मी तबक धरून उभा होतो. विमान आलं, खाली आलं, एक घिरटी घातली. लोकांनी हात हलवले. दुसरी घिरटी आणखी खालून घातली, आणि नाक वर करून ते नागपूरच्या दिशेने निघून गेलं. युसूफभाई पिशवीच्या खांबाजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. काम बरोबर झालं, असं त्याला सांगायचं होतं.

सभा रद्द झाली. दुपारपर्यंत फुली सगळ्यांनी पाहिली आणि संध्याकाळी पोलीस युसूफभाईला घेऊन गेले. तीन दिवस ठेवलं. कोणाच्या सांगण्यावरून केलंस, जंगलातल्या कोणा नक्षल्याशी तुझी ओळख आहे, हे पुन्हा पुन्हा विचारलं. त्या दिवसांत त्या नावाच्या माणसाला हे असंच विचारत. पाऊस उघडला होता; तेवढ्या तीन दिवसांत आमच्या मजुरांच्या टोळीने मोरी उकरून पक्की केली, वर डांबर ओतलं, रोलर फिरवला. त्या कामावर मी स्वतः उभा होतो. चौकशीचे अधिकारी आले तेव्हा पट्टीवर खड्डा नव्हता. फुली होती. ती तशीच ठेवायची असा वरून हुकूम होता.

चौकशी त्याच टिनाच्या खोलीत झाली. युसूफभाईला माझ्यासमोर उभं केलं. गालावर सूज होती, दाढी विस्कटलेली. त्याने सरळ सांगितलं, "पट्टी खचली होती. साहेबांनी सांगतलं फुली मार, मी मारली." अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तुम्ही असा आदेश दिला होता?"

मी म्हणालो, "नाही."

युसूफभाई माझ्याकडे पाहत राहिला. तो ओरडेल, शिवी देईल, अंगावर येईल असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही इसरले असान." जणू मला अजून एक संधी देत होता. मी टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिलो आणि मग त्या कागदावर सही केली. चौकीदाराने परस्पर, कोणाच्याही आदेशाशिवाय, असं त्यात लिहिलं होतं.

गुन्हा काही सिद्ध झाला नाही, कारण सिद्ध करण्यासारखं काही नव्हतंच. कामावरून मात्र काढलं. वैमानिकाने आपल्या अहवालात लिहिलं होतं म्हणे, की फुली पाहून परत फिरलो आणि तेच योग्य होतं. तो अहवाल कोणी वाचला नाही. दोन वर्षांनी मला बढती मिळाली. आमचे साहेब मोठ्या पदावरून निवृत्त झाले, त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं. पट्टीवर नवा चौकीदार आला. त्याला वाऱ्याच्या पिशवीचं काही कळत नव्हतं. ती फाटून खांबावर नुसती कडी राहिली.

युसूफभाई वडिलांच्या दुकानात परतला, त्याच मशीनवर, मान खाली घालून. मी त्या गल्लीतून जाणं टाळत असे. दहा-अकरा वर्षं टाळलं. मागच्या वर्षी चंद्रपूरला दवाखान्यात गेलो होतो, रिक्षा नेमकी तिथेच अडली आणि त्याने मला पाहिलं. "साहेब, या ना. चाय घ्या." दुकान आता घरातच होतं, पुढच्या खोलीत. तो पार वाळला होता. मुलगी नसरीन माहेरी आली होती, तिने चहा आणला. ती आत गेल्यावर मी कसाबसा म्हणालो, "युसूफभाई, मले माफ करा."

त्याने चष्मा काढून पुसला. "माफी ठेवा तुमच्यापाशीच. मले कागद पायजे."

"कसला कागद?"

"खरं काय झालं त्याचा. पोरीच्या सासरी लोक इचारतेत, बापाले पोलिसांनी काऊन नेलं होतं? मी सांगतो ते त्याइले खोटं वाटते. तुमच्या हातचं असलं तर मानतीन. मी कोर्टात नाई जात, साहेब. घरात ठेवतो." चष्मा परत लावून म्हणाला, "तुम्ही तर आता रिटायर झाले ना? आता कोनाले भेता?"

मी मंगळवारी आणून देतो म्हणालो. निवृत्त होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं, पेन्शन सुरू होती, साहेबही वारले होते. भिण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. तरी लिहिलं नाही. आज गुडघा दुखतो, उद्या घरात पाहुणे. चार वेळा कागद पुढे घेतला आणि "मी खाली सही करणार" याच्या पुढे गेलो नाही.

बाजारातून आलो त्या दुपारी लिहिला. एका बैठकीत, दीड पान. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला गेलो. युसूफभाईची बायको, जुबेदाभाभी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून नसरीनने मोठ्याने वाचून दाखवला. शाळेत धडा वाचावा तसा, कुठे न अडखळता. मोरी, फुली, "मी आदेश दिला होता", सगळं. वाचून झाल्यावर भाभी एवढंच म्हणाल्या, "आता हे कोनाले दाखवू, भाऊ?" नसरीनने कागद उलटसुलट करून पाहिला. "काका, यावर तारीख नाई टाकली तुम्ही." तिने पेन दिला. माझा हात थांबलेला पाहून म्हणाली, "आजची टाका. अब्बा गेल्यावरची."

मी टाकली.

निघताना भाभींनी मला थांबवलं. मशीनच्या मागे दोरीवर शिवून झालेले कपडे टांगलेले होते, गिऱ्हाइकांनी न नेलेले. त्यातून त्यांनी एक पांढरा शर्ट काढला. मागच्या वर्षी चहा झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला शर्टाचं माप दिलं होतं आणि कापड त्यालाच आणायला सांगितलं होतं. त्यानंतर कागद मागेल म्हणून मी शर्ट न्यायला फिरकलो नाही. शर्टाला इस्त्री केलेली होती. घड्यांवर धूळ नव्हती, कोणीतरी तो अधूनमधून झटकत असावं. खिशाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, युसूफभाईच्या बारीक, तिरक्या अक्षरात.

"साहेबांचा. मंगळवारी येतील."