बाकाच्या कडेची रोझमावशी

चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली की बाकाच्या कडेला बसलेली रोझमावशी पाय आत ओढून घ्यायची. बाकावरची सगळी माणसं तिच्या गुडघ्यांना घासत पुढे जायची, प्रसाद घेऊन परत यायची, आणि ही तिथेच. एक रविवार तिने चुकवला नाही, एक उपास मोडला नाही. पण मनात अढी ठेवून प्रसाद घ्यायचा नाही, यावर ती अडून बसलेली. आमची शेजारीण, सख्ख्या मावशीहून जवळची, म्हणून मला तिचा रागच यायचा.

अढी कशाची ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. तिची सात वर्षांची लेक तापाने फणफणली तेव्हा दवाखान्यात न्यायला अंगणात जावेचा टेम्पो तेवढा होता, तोही भाजी भरून उभा. "पयला माल पोचू दे. ताप काय, उतरंल," जाऊ म्हणाली. टेम्पो परत येईपर्यंत पोर गेली. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच, विहीर एकच. रोज सकाळी उठून मावशीने तिचंच तोंड बघायचं.

तरी सणाला पहिली ताटली जावेकडे जायची. फादर म्हणाले, "एवढं पुष्कळ आहे, बाई. या तुम्ही प्रसादाला." ती उठली नाही. नव्वदच्या सुमारास मी सातिवलीच्या कारखान्यात नुकता लागलेलो, अक्कल शिकवायची हौस दांडगी. म्हटलं, "मावशी, देव काय पेपर तपासत बसलाय?" तर म्हणते कशी, "वैऱ्यावर माया करा, परिपूर्ण व्हा, असं सांगितलंय रे बाबा. जवळपास व्हा, असं नाय सांगितलं. हात जातो माझा तिच्याकडं. मन नाय जात."

काही वर्षांनी जाऊ अंथरुणाला खिळली. सून नोकरीवर. मावशीने तिला तीन महिने भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. शेवटी शेवटी जाऊ तिचा हात सोडेना. तो हात धरूनच ती गेली. आळीत जो तो म्हणाला, आता रोझी सुटली. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

अंत्यविधीच्या मिस्सेला मी मुद्दाम तिच्या शेजारी बसलो. प्रसादाची वेळ झाली. मावशीने पाय आत घेतले.

"आता काय राहिलं, मावशी?" मी कळवळून विचारलं.

ती समोरच्या शवपेटीकडे बघत पुटपुटली, "तिचा श्वास थांबला ना, तवा मला बरं वाटलं रे. आता माफी कुनाकडं मागू?"

मीही तसाच बसून राहिलो. तिने मला कोपराने ढोसलं.

"तू जा. तुला काय झालंय?"

मी उठलो, आणि तिच्या गुडघ्यांना घासत पुढे गेलो.