एका कान्यासाठी

सखाराम कारंजे यांना कुणी 'करंजे' म्हटलं, की ते हातातलं काम टाकून भांडायला उठत. आणि अख्खं गाव तर तसंच म्हणायचं. परसात करंजाचं झाड होतं, त्यावरून आडनाव पडलं असणार, हा गावाचा निवाडा. शाळेत नाव घालताना गुरुजींनीही बिनदिक्कत काना खाल्ला होता. सखाराम मात्र छाती काढून सांगत, "माझा पणजा इनामदाराच्या बागंत कारंजा उडवी. आमी कारंजे!"

बागेत उरला होता एक पडका चौथरा आणि त्यावर माजलेलं रान. कारंजं कुणीच पाहिलेलं नव्हतं. खाडीच्या तरीवर होडी चालवणारा हमीद लांबूनच विचारी, "करंजेभाव, औंदा तेल किती निघाला?" होडीभर हशा. सखाराम पैलतीर येईपर्यंत पाठ फिरवून बसत.

थट्टा एक वेळ सोसली असती. पण त्यांचे वडील जाताना एवढंच बोलले होते, "पोरा, काना सोडू नको." लोक मरताना जमीनजुमल्याचं सांगतात, ह्यांनी काना ठेवला! म्हणून दर शिमग्याला पालखी दारात आली आणि गुरवाने 'करंज्यांच्या घराला' असं गाऱ्हाणं घातलं, की सखाराम मध्येच ओरडत, "काना घाल!" देवीसमोर माणसं पोट धरून हसत.

छप्पन साली पुण्याहून पुरातत्त्व खात्याचे आगटेसाहेब ती बाग खणायला आले. सखाराम पहिल्या दिवशीच कुदळ घेऊन हजर. चौथऱ्यावरची माती निघाली, खांबांची बुडं दिसली, खाली सुरेख फरशी लागली. साहेब खुशीत म्हणाले, "बागेत बसायचा मंडप होता हा."

"आणि पानी?"

"पाण्याची खूण काही दिसत नाही हो, सखाराम."

सखारामांनी हट्टाने आंब्याच्या बुंध्याशी वेगळा खड्डा पाडला. निघाली नुसती मुळं. तोवर शिमगा तोंडावर आला. पालखी निघाली की गडी कामाला फिरकत नाहीत, म्हणून साहेबांनी सामान बांधायला घेतलं.

त्या दुपारी सखारामांची बायको येसूबाई भाकरी घेऊन आल्या. सखाराम तोंड पाडून बसलेले, घास घेईनात. कान्याला आधीच कंटाळलेल्या त्या बाईने वैतागून तांब्यातलं पाणी फरशीवर ओतून टाकलं. पाणी पसरलं, मधल्या दगडाशी गेलं आणि नाहीसं झालं. आतून गटगट आवाज आला.

"अवो, पानी गेला कुटं?"

सखाराम रांगत गेले, साहेब धावत आले. पहारीने दगड उचलला. खाली कमळासारखी कोरलेली दगडी तोटी होती, आणि तिला जोडलेला खापरी नळ बागेबाहेरच्या टेकाडावर, रानात बुजलेल्या पडक्या हौदाकडे गेला होता.

मग कसलं सामान बांधणं! गाव लोटलं. बांबू घालून नळ साफ केला, फुटलं तिथे चिखल लिंपला, ओढ्यापासून हौदापर्यंत माणसांची रांग लावून घागरी वर चढवल्या. तोटी आधी चिखल ओकली, दोनदा खोकली, आणि मग गुडघाभर पाणी उडालं! साहेब टोपीसकट भिजले आणि पोरासारखे टाळ्या पिटू लागले. होडी सोडून आलेला हमीद ओरडला, "ओ काऽऽऽरंजे!" मागे खाल्लेले सगळे काने त्याने एका दमात परत केले.

शिमग्याला पालखी दारात आली. सवयीने सखाराम ओरडायच्या तयारीत पुढे सरकले.

"बाय माझे," गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या कारंज्यांच्या घरादारावर तुझी नजर ऱ्हाऊ दे!"

"होय म्हाराजा!" गाव गरजलं.

सखारामांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते सगळ्यांदेखत रडले. येसूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पुना एकदा म्हना वो गुरवानू. मामंजींना जरा कमी ऐकू येई."